बोट ठेवायला जागा

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांची यादी उघडली की पहिल्या क्रमांकावर अक्कलकुवा येतं. राज्याचं हे वायव्येकडचं टोक. उत्तरेला नर्मदा, पश्चिमेला गुजरात, मधे सातपुड्याचे डोंगर आणि डोंगरांवर विखुरलेले पाडे. २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सर्वांत कमी. म्हणजे इथल्या कितीतरी मतदारांना यंत्रावरचं उमेदवाराचं नाव वाचता येत नाही. त्यावाचून कुणाचं अडत नाही. निशाणी ओळखायची आणि तिच्यासमोरचं बटण दाबायचं, हे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

ही सोय पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनची. १९५१-५२ साली देशात लिहिता-वाचता येणारे शंभरात अठराच होते. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलं. पुढे निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे चित्रकार पेन्सिलीने ही चिन्हं काढत. कंगवा, कुलूप, छत्री, शिलाई मशीन अशा रोज हाताळल्या जाणाऱ्या, लांबूनही ओळखू येणाऱ्या वस्तू त्यांत असत. १९९२मध्ये ते निवृत्त झाले. त्यांची चित्रं त्यानंतरही चालू राहिली.

राज्य कुणी चालवायचं हा निर्णय प्रौढ माणूस चित्राकडे पाहून कळवतो आणि त्याला कुणी पोरखेळ म्हणत नाही. लकवा मारून वाचा गेलेल्या वडिलांपुढे, बोट ठेवून बोलता यावं म्हणून, चित्रांचा तक्ता ठेवायचा म्हटलं, की मात्र घरचे अवघडतात. ‘ते काय लहान आहेत का?’ असं म्हणतात. या प्रश्नामागे प्रेम आहे, आदर आहे, पण त्यापायी माणसं वर्षानुवर्षं गप्प बसून राहतात. म्हणून या तक्त्यांविषयी नीट समजून घ्यायला हवं.

असा तक्ता कुणाला लागतो? जन्मतः सेरेब्रल पाल्सी असलेली आणि आता चाळिशीला आलेली बाई, बौद्धिक अपंगत्व असलेला तरुण, तंबाखूमुळे झालेल्या कर्करोगाने स्वरयंत्र गमावलेला माणूस, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, आणि ज्याला सांकेतिक भाषा कधी कुणी शिकवलीच नाही असा डोंगरातला बहिरा म्हातारा. पण सर्वांत नेहमीचा प्रसंग लकव्याचा. बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या बाजूला चालतं, आणि शरीराची उजवी बाजूही मेंदूच्या डाव्या भागाच्याच हुकमतीत असते. त्यामुळे डाव्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की उजवा हात-पाय जातो आणि अनेकदा बोलणंही जातं. याला वाचाघात म्हणतात. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला तो होतो. सातपुड्यात याला आणखी एक पदर आहे. इथल्या आदिवासी समाजात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे, आणि सिकलसेलमध्ये वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी रक्तवाहिन्या अडवतात. त्यामुळे हा झटका म्हातारपणाची वाट पाहत नाही, कोवळ्या वयातही येतो.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने एक रुग्ण तपासला. त्याला ‘टॅन’ एवढाच एक उच्चार करता येई, पण विचारलेलं त्याला बरंचसं कळत होतं. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकाने मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली. बोलता न येणं आणि समज नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून वैद्यकाला कळलं; ते घराघरात पोचायचं अजून बाकी आहे. वाचाघात झालेल्या माणसाच्या तोंडून कधी शिवी निघते, कधी देवाचं नाव, कधी एक ते दहा आकडे ओळीने, पण नेमका हवा तो शब्द येत नाही. कधी ‘नाही’ म्हणायचं असताना ‘हो’ निघतं. पाहणाऱ्याला वाटतं, यांचं डोकं गेलं. मग त्यांच्यासमोरच त्यांच्या जमिनीची, औषधपाण्याची, लेकीच्या लग्नाची बोलणी होतात आणि त्यांना कुणी विचारत नाही.

चित्र इथे उपयोगी पडतं, कारण शब्द आठवून तो उच्चारण्यापेक्षा समोर दिसणाऱ्या गोष्टींतून एक निवडणं सोपं असतं. वाट वेगळी, पोचायचं ठिकाण तेच. बोट ठेवता येत नसेल तर नजरेनेही चालतं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या चौकोनी पाटीच्या कडेकडेने चित्रं लावायची आणि ती दोघांच्या मधे धरायची. पलीकडचा माणूस कुठे बघतो आहे ते अलीकडून दिसतं. नजरही स्थिर राहत नसेल तर ऐकणाऱ्यानेच एकेका ओळीवर बोट फिरवायचं. समोरच्याने पापणी मिटली की ती ओळ धरायची, मग त्या ओळीतलं एकेक चित्र. याला वेळ लागतो. एका वाक्याला पाच मिनिटं लागली तर तेवढी द्यायची.

चित्र दाखवल्याने उरलंसुरलं बोलणंही जाईल, ही भीती मुलांच्या आईबापांना असते तशी लकव्याच्या घरीही असते. २००६ साली अमेरिकेत जन्मजात किंवा बालपणापासून अपंगत्व असलेल्यांवरच्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. ज्यांच्याबाबतीतला पुरावा पक्का होता त्यांच्यांत एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं.

चित्रभाषांच्या इतिहासातला एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. चार्ल्स ब्लिस यांचा जन्म १८९७चा, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातला, ज्यू घरातला. नाझींनी त्यांना छळछावणीत टाकलं. तिथून सुटून ते शांघायला पोचले. तिथे त्यांनी पाहिलं की एकमेकांची बोली न कळणारे चिनी लोकही तीच अक्षरचित्रं वाचू शकतात. भाषांमुळे माणसं एकमेकांचे गळे धरतात, त्यावर चिन्हांची एक जगभाषा हा उपाय होईल, अशी त्यांची श्रद्धा झाली. ऑस्ट्रेलियात जाऊन त्यांनी १९४९मध्ये आपली चिन्हपद्धती छापली. जगाने तिची दखल घेतली नाही. पुढे १९७१ साली कॅनडात टोरोंटोच्या अपंग मुलांच्या केंद्रातल्या शर्ली मॅकनॉटन यांच्या गटाला ती सापडली आणि न बोलणारी मुलं त्या चिन्हांवर बोट ठेवून वाक्यं जुळवू लागली. ब्लिस यांना अपार आनंद झाला. पण शिक्षकांनी गरजेप्रमाणे चिन्हं बदलायला सुरुवात केली, तसे ते संतापले. चिन्ह कसं असावं ते मीच ठरवणार, या हट्टातून वाद कित्येक वर्षं चालला. ज्या माणसाने मुक्यांना वाचा दिली त्यालाच त्या वाचेला फुटलेली पालवी सोसवली नाही. मला ही गोष्ट दुःखाची वाटते, आणि तक्ते बनवणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी असंही वाटतं.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मार्गारेट वॉकर यांनी हाताच्या खुणांची ‘मकाटॉन’ पद्धत तयार केली, तीत पुढे चित्रचिन्हंही आली. तिची सुरुवात मुलांसाठी झालीच नव्हती. रुग्णालयात राहणारी, बहिरेपण आणि बौद्धिक अपंगत्व दोन्ही असलेली मोठी माणसं तिच्या मुळाशी होती. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात जोन मर्फी यांनी आखलेली ‘टॉकिंग मॅट्स’ ही पद्धतही मोठ्यांच्या फार कामाची. एक सतरंजीवजा चटई घ्यायची. तिच्या वरच्या कडेला तीन खुणा: पसंत आहे, नक्की सांगता येत नाही, पसंत नाही. मग एकेका विषयाचं चित्र हातात द्यायचं आणि ते कुठल्या खुणेखाली ठेवायचं ते त्या माणसाने ठरवायचं. शेवटी चटईवर त्याचं मत मांडलेलं दिसतं, त्याचा फोटो काढून ठेवता येतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांशीही असं बोलणं होऊ शकलं आहे. यात ‘पाणी हवं का?’ एवढंच विचारलेलं नसतं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलेलं असतं.

महाराष्ट्रात अशा कामाला मुंबईतून सुरुवात झाली. १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, ती आता ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. त्यांची कन्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. बोटाने कळा दाबत त्यांनी उच्च शिक्षण घेतलं आणि ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन लिहिलं. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून वाचा आणि श्रवणाच्या क्षेत्रात काम करते आहे. पवईच्या आयआयटीत, औद्योगिक रचना विभागात, प्राध्यापक रवी पूवैया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जेलो’ हे मोफत ॲप तयार केलं. त्यात चित्रावर बोट ठेवलं की फोन ते बोलून दाखवतो, मराठीतही. त्याची मांडणी मला विशेष आवडते. त्यात जेवण, माणसं, ठिकाणं असे विषय असतात, आणि त्यांच्या जोडीला हो, नाही, आवडतं, आवडत नाही, आणखी, कमी अशी भाव सांगणारी सहा बटणं. चहाचं चित्र एकच, पण या बटणांमुळे ‘चहा हवा’, ‘चहा नको’, ‘चहा फार झाला’ अशी वेगवेगळी वाक्यं होतात.

ही साधनं चांगली आहेत. पण जेलो मुख्यतः मुलांना डोळ्यांसमोर ठेवून घडलेलं आहे. स्पेनमधल्या अरागॉन प्रांताच्या सरकारने ‘अरासाक’ नावाने हजारो चित्रं जगाला फुकट दिली आहेत, आणि त्यांत पाव, काटा-चमचा आणि युरोपी स्वयंपाकघर आहे. हे सगळं घेऊन अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीच्या बाजारात उतरलं तर काय उपयोगी पडेल?

बोलण्यामागे माणसाचे हेतू काय असतात, याची एक मांडणी अमेरिकेतल्या जॅनिस लाइट यांनी १९८८ साली केली: गरज सांगणं, माहिती देणं-घेणं, जवळीक राखणं आणि रीतभात पाळणं. रुग्णालयात टांगलेले तक्ते पाहावेत, तर त्यांत पहिलाच हेतू भरून असतो. पाणी, जेवण, लघवी, दुखतं, झोप. ते हवंच. पण जाणता माणूस दिवसभर पाणी मागत बसत नाही. अक्कलकुव्याच्या डोंगरातला पन्नाशीचा माणूस काय बोलत असेल? मोह किती पडला. आमचूर कितीला गेलं. गुजरातेत ऊसतोडीला गेलेला पोरगा कधी यायचा. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली का. वनहक्काच्या दाव्याचं काय झालं. रेशन आलं का. काठीच्या होळीला यंदा कोण कोण जाणार, ढोल कोण वाजवणार. याहामोगी देवीचा नवस. कुणाची मयत झाली. आणि, ‘तू खोटं बोलतोस’, ‘माझे पैसे कुठे आहेत’, ‘मला विचारलं का नाही’.

हे शब्द तक्त्यावर नसतील, तर तो तक्ता त्या माणसाचा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. तक्ता आजारावरून बनवू नये, माणसाच्या आयुष्यावरून बनवावा. कोयता, झोळी, मुकादम, सातबारा, ही चित्रं मुंबईतल्या किंवा अरागॉनमधल्या संचात मिळणार नाहीत. ती इथेच काढावी लागतील. आश्रमशाळेत चित्रकलेत हात चालणारी पोरं असतात, त्यांना हे काम सांगावं. गावच्या आशाताईंना माणसं माहीत असतात, त्यांना विचारावं.

चित्र आपोआप समजतं, हाही एक गैरसमज आहे. १९७६ साली नेपाळच्या खेड्यांत एक अभ्यास झाला. चित्रांची सवय नसलेल्या मोठ्या माणसांना तीच वस्तू वेगवेगळ्या तऱ्हांनी काढून दाखवली. नुसत्या बाह्यरेषांपेक्षा थोडी छटा भरलेली चित्रं लोकांनी अधिक ओळखली. फोटोतली मागची गर्दी पुसून टाकली तर तोही जास्त कळला. कलाकाराने सजवून, सोपी करून काढलेली चित्रं कमी कळली. चित्रातून कुणी आपल्याला काही सांगू पाहतं आहे, हेच मुळात अनेकांच्या ध्यानीमनी नव्हतं. आज टीव्ही आणि मोबाइलने बराच फरक पडला आहे. तरीही चित्रांतल्या कितीतरी खुणा शाळेत शिकलेल्या असतात. लाल फुली म्हणजे ‘नाही’, हे वही तपासून घेतलेल्याला कळतं. प्रश्नचिन्ह, डोक्यावरचा विचारांचा ढग, बाण, घड्याळाचे काटे, ही सगळी वहीतली भाषा. जो शाळेत गेला नाही त्याच्यासाठी ‘नाही’ला आडवा हललेला पंजा बरा. ‘काल’ आणि ‘उद्या’साठी त्याच्याशी बोलून काय ते ठरवावं. घराचं चित्र कुडाच्या भिंतीचं असावं. दुखण्याची तीव्रता दाखवणारी चेहऱ्यांची पट्टी १९८०च्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी तयार झाली. तिच्या शेवटच्या टोकाला रडणारा चेहरा असतो. सिकलसेलच्या कळांनी तळमळणारा बाप्या माणूस त्या रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवील असं मला वाटत नाही. त्याच्यासाठी शरीराची आकृती काढावी, आणि शेजारी एकापेक्षा एक मोठे होत जाणारे चार-पाच ठिपके.

चित्र कळतं की नाही ते तपासायची साधी रीत आहे. त्याच पाड्यातल्या चार लोकांना काही न सांगता दाखवायचं आणि ‘हे काय?’ विचारायचं. उत्तर जुळलं नाही तर चित्र बदलायचं, माणसाला दोष द्यायचा नाही.

अक्कलकुव्यात चित्राला आणखी एक काम करावं लागतं. घरात पावरी, वसावी किंवा भिलोरी, दवाखान्यात मराठी, बाजारात हिंदी, सीमेपलीकडे गुजराती. बोलता येणाऱ्यालाही इथे डॉक्टरपर्यंत पोचताना मधे दुभाषा लागतो. ज्याची वाचा गेली त्याची दुहेरी कोंडी होते. तक्त्यावर चित्राखाली मराठीत शब्द लिहावा, तो वाचणाऱ्या नर्ससाठी. घरच्यांनी मात्र ते चित्र दाखवताना आपल्या बोलीतच बोलावं. फोनमधला तयार आवाज पावरी बोलत नाही, म्हणून आवाज रेकॉर्ड करायची सोय असलेलं ॲप निवडावं आणि आवाज त्याच वयाच्या माणसाचा भरावा. साठीच्या म्हाताऱ्याच्या फोनमधून लहान मुलीचा आवाज येऊ नये. अर्थात चार्जिंग आणि फोनचा भरवसा नसलेल्या पाड्यावर कागदाचाच तक्ता आधी हवा. झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घेतला की पावसाळा निघतो.

बनवताना काही गोष्टी सांभाळाव्यात. सुरुवातीला चार-सहाच चित्रं घ्यावीत. एकदा ठरलेली जागा पुन्हा पुन्हा बदलू नये, कारण हाताला जागा लक्षात राहते. डाव्या मेंदूच्या झटक्यात कधी उजव्या बाजूचं दिसणंही जातं, तेव्हा चित्रं डावीकडे घ्यावीत. माणसांसाठी आणि ठिकाणांसाठी खरे फोटो उत्तम. ‘आणखी’, ‘बस्स’, ‘थांब’, ‘परत’, ‘का’, ‘तू’, ‘मी’ असे शब्द कुठल्याच वस्तूचे नसतात, पण रोजच्या बोलण्याचा मोठा भाग असल्या थोड्या शब्दांवरच चालतो, म्हणून त्यांना जागा हवीच. आणि सर्वांत महत्त्वाचं, घरच्यांनी स्वतःही त्या चित्रांवर बोट ठेवत बोलावं. आपण तोंडाने बोलायचं आणि त्याने तेवढं बोट दाखवायचं, असं झालं तर तक्ता लवकरच खुंटीला लागतो.

कायद्याने या बोलण्याला बोलणंच मानलं आहे. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच ब्रेल, सांकेतिक भाषा, दृश्य मांडणी आणि बोलण्याला पूरक किंवा पर्यायी पद्धती येतात. अपंग व्यक्तीला आपल्या पसंतीच्या भाषेत आणि माध्यमातून साक्ष देता यावी अशी सोय करणं सरकारवर बंधनकारक आहे. तोंडी बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष लेखी किंवा खुणांनी घेता येते, आणि दुभाषा किंवा विशेष शिक्षकाची मदत घेतली तर तिचं चित्रीकरण करावं लागतं. २०१३ साली पुरावा कायद्यात आलेली ही तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या १२५व्या कलमात आहे. पण ज्या बाईच्या तक्त्यावर अंगाच्या गुप्त भागांची चित्रं नाहीत, ‘त्याने मला हात लावला’ म्हणायला जागा नाही, ती ठाण्यात काय दाखवणार? लाजेपोटी ही चित्रं वगळली जातात. अपंग बायकांवर अत्याचार होतात हे सगळ्यांना माहीत असताना ती वगळणं मला अक्षम्य वाटतं. मोठ्या माणसाच्या तक्त्यावर संपूर्ण शरीर असलं पाहिजे, राग असला पाहिजे आणि स्पष्ट ‘नको’ असला पाहिजे.

आणखी एक चौकोन मी प्रत्येक तक्त्यावर आग्रहाने मागेन. त्याचा अर्थ: ‘मला सांगायचं आहे ते इथे नाही.’ चित्र काहीही चालेल, रिकामी पाटी, उघडा तळहात, दोघांनी मिळून ठरवावं. त्यावर बोट पडलं की ऐकणाऱ्याने हातातलं काम बाजूला ठेवावं आणि मोठ्याकडून लहानाकडे विचारत जावं: माणसाविषयी आहे का? जागेविषयी? तब्येतीचं? आजचं की मागचं? घरातलं की बाहेरचं? प्रत्येक प्रश्नाला हो-नाहीची खूण ठरलेली असावी, आणि उत्तर आलं की ते पुन्हा उच्चारून खात्री करावी. सापडलं नाही तर ‘मला कळलं नाही, संध्याकाळी परत बसू’ असं सांगून खरोखरच परत बसावं. सापडलं तर त्याचं चित्र काढून तक्त्यावर लावावं.